घड्याळाच्या काट्यावर दिलेले औषध

दादरला आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक जुने टोल्यांचे घड्याळ होते आणि वडील दर रविवारी जेवणाआधी त्याला किल्ली देत. त्या घड्याळाचा मला जन्मात एकदाच राग आला, तो १९८९ सालच्या पावसाळ्यात.

माईआत्या ही वडिलांची थोरली बहीण. फार लवकर वैधव्य आले, तेव्हापासून ती आमच्याकडेच असे. सकाळी उठल्याबरोबर मिश्री लावायची तिची कोकणातली सवय मुंबईतही सुटली नव्हती. गालाच्या आत बारीकशी गाठ आली, तिचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले आणि एके दिवशी एका मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, ‘आता घरी न्या. करण्यासारखे काही उरलेले नाही.’ आत्याचे वय तेव्हा एकाहत्तर होते.

वेदनेवर एक इंजेक्शन लिहून दिले होते. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले आमचे डॉक्टर भले गृहस्थ, ते येऊन टोचून जात. पण बजावून सांगत, ‘आठ तासांच्या आत मागायचे नाही हं. सवय लागेल.’ इंजेक्शनाचा गुण तीन-चार तास टिके. पुढचे चार-पाच तास आत्या अंथरुणावर बसून घड्याळाकडे बघत राही. ओरडत नसे, त्या पिढीच्या बायका ओरडत नसत. फक्त दर थोड्या वेळाने विचारी, ‘किती वाजले रे?’ घड्याळ समोर होते, तिला दिसतही होते. तरी विचारी.

जिचे आयुष्य उणेपुरे दीड महिना उरले होते त्या बाईला सवय लागू नये म्हणून आम्ही सगळे जपत होतो! आज हे लिहिताना लाज वाटते. पण डॉक्टर जसे शिकले होते तसे वागत होते आणि आम्ही डॉक्टर सांगतील तसे. ती गेल्यावर वडिलांनी घड्याळाला पुन्हा किल्ली म्हणून दिली नाही.

ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षे झाली. माझी पुतणी डॉक्टर झाली आणि तिने जे क्षेत्र निवडले त्याचे नाव आम्हांला धड उच्चारताही येईना : पॅलिएटिव्ह केअर. रोग बरा होण्याजोगा नसला तरी रोग्याचे दुखणे, धाप, मळमळ, झोप आणि मनाची तगमग यांवर उपचार करायचे आणि घरच्यांनाही आधार द्यायचा, असे ते शास्त्र. मराठीत त्याला कोणी उपशामक उपचार म्हणतात, कोणी परिहार सेवा म्हणतात. मी एकदा तिला माईआत्याची हकिकत सांगितली. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, ‘काका, तुम्हांला वाईट वाटेल, पण एक दाखवते.’ दुसऱ्या दिवशी तिने जुन्या वैद्यकीय मासिकांतल्या लेखांच्या छायाप्रतींचा एक गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. त्यातला एक लेख १९५९ सालचा होता. आत्याला जे हवे होते ते त्यात लिहिलेले होते, म्हणजे ती आजारी पडण्याच्या तीस वर्षे आधी!

तो गठ्ठा मी पुढे महिनाभर वाचत होतो. वैद्यकीय मासिक म्हणजे सामान्य माणसाला काय वाटते? बारीक टाइप, आकड्यांचे तक्ते, तोंडात न मावणारे शब्द. आणि डॉक्टरांच्या टेबलावर वेष्टनही न फोडता पडलेला ढीग. मलाही तसेच वाटे. पण ह्या कागदांत मला एक गोष्टच सापडली. तीच आज वाचकांना सांगणार आहे.

गोष्टीची नायिका सिसिली साँडर्स नावाची इंग्रज बाई. जन्म १९१८चा, घर सुखवस्तू. ऑक्सफर्डला शिकत असताना महायुद्ध सुरू झाले आणि बाई पुस्तके मिटून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात नर्स व्हायला गेल्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटले, म्हणून त्या रुग्णालयात रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहणाऱ्या समाजसेविका झाल्या. १९४८ साली त्यांच्या देखत डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू निर्वासित कॅन्सरने वारला. वॉर्सातून आलेला, हॉटेलात वाढप्याचे काम करणारा, ह्या जगात कोणी नसलेला माणूस. मरणाऱ्या माणसांसाठी एखादे निराळे घर असावे असे दोघे बोलत असत. जाताना त्याने आपली सारी पुंजी, पाचशे पौंड, बाईंच्या नावे ठेवली, त्या घराची एक खिडकी आपली असावी म्हणून. आधी खिडकी, मग घर! घर उभे राहायला पुढे एकोणीस वर्षे लागली.

बाईंनी पुन्हा नर्स म्हणून काम करायचे ठरवले, तेव्हा एका शल्यविशारदाने त्यांना सल्ला दिला : मरणाऱ्या रोग्याला डॉक्टरच टाकून जातात; तुम्हांला काही करायचे असेल तर डॉक्टर व्हा, नाहीतर तुमचे कोणी ऐकणार नाही. ज्या वयात आपल्याकडच्या बायका मुलीच्या लग्नाच्या खटपटीला लागत, त्या वयात बाई वैद्यकाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसल्या आणि चाळिशीला टेकताना, १९५७ साली, डॉक्टर झाल्या.

पण खरी विद्या त्यांना त्याआधीच मिळाली होती. लंडनमध्ये सेंट ल्यूक्स नावाची मरणासन्न रोग्यांची एक लहानशी जागा होती. बाई तिथे संध्याकाळी फुकट काम करायला जात. तिथल्या नर्सेस रोग्याला मॉर्फिन तोंडाने देत आणि तेही दुखायची वाट न पाहता, ठरावीक तासांनी. बस्स, एवढेच! पण इतर रुग्णालयांत काय चाले? रोग्याने कण्हायचे, मागायचे, तरीही थोडे थांबायचे आणि मग इंजेक्शन मिळायचे. म्हणजे प्रत्येक वेळी वेदना सोसून औषध कमवायचे. साँडर्सबाईंना उमगले ते असे की, वेदना एकदा चढली की तिला उतरवायला जास्त औषध लागते. ती पुन्हा येणार ह्या धास्तीने ती आणखी वाढते. आणि रोगी दिवसभर औषधाचाच विचार करीत बसतो. मग लोक म्हणतात, पाहा, सवय लागली! उलट पहिल्या मात्रेचा गुण ओसरण्याआधी दुसरी मात्रा दिली तर कमी औषध पुरते, माणूस शुद्धीत राहतो, बोलतो, जेवतो. मॉर्फिनचा गुण सुमारे चार तास टिकतो. तेव्हा दर चार तासांनी औषध. घड्याळ तेच, पण त्याच्याकडे बघायचे काम रोग्याचे नाही, नर्सचे!

ही युक्ती त्या घरातल्या नर्सेसना वर्षानुवर्षे ठाऊक होती. मग ती लंडनमधल्याच मोठमोठ्या रुग्णालयांना का ठाऊक नसावी? कारण कोणी लिहिलेच नव्हते. आपल्याकडे आजीबाईच्या बटव्याचे तेच झाले. आजी गेली, बटवा गेला.

साँडर्सबाईंनी लिहायला घेतले. १९५८ साली सेंट थॉमस रुग्णालयाच्या स्वतःच्या पत्रिकेत त्यांचा कॅन्सरने मरणाऱ्या रोग्यांवरचा पहिला लेख आला. त्याच वर्षी त्या हॅक्नीतल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये आयरिश जोगिणींच्या हाताखाली काम करू लागल्या आणि तिथे ठरल्या तासांनी औषध देण्याची पद्धत त्यांनी सुरू केली. १९५९ साली ‘नर्सिंग टाइम्स’ ह्या साप्ताहिकात त्यांनी सहा लेखांची माला लिहिली : रोग्याला त्याचा रोग सांगावा काय, शेवटच्या कॅन्सरातली वेदना कशी आवरावी, मरणाऱ्याच्या मनाला काय होते, दयामरणाचा प्रश्न, अशी. पुढे ती माला पुस्तिकेच्या रूपानेही निघाली.

पुतणीने दाखवलेला लेख ह्या मालेतलाच. डॉक्टरांच्या भारदस्त मासिकाऐवजी नर्सेसच्या साप्ताहिकात लिहिले, ह्याचे मला प्रथम नवल वाटले. मग लक्षात आले की औषधाच्या कपाटाची किल्ली नर्सच्या कंबरेला असते आणि रात्री दोन वाजता रोग्याजवळ तीच असते. बाई स्वतः नर्स होत्या. कुठे बोलले म्हणजे ऐकू जाते हे त्यांना बरोबर ठाऊक होते.

त्यांच्या लेखांत रोगी हाडामांसाचे आहेत. १९६४ साली ‘नर्सिंग मिरर’मध्ये त्यांनी एका बाईची हकिकत दिली. कुठे दुखते म्हणून विचारले तर ती पाठीपासून सुरुवात करून म्हणाली की माझे सगळेच बिघडले आहे. आणि त्या ‘सगळ्या’त घरच्यांचे हाल होते, पैसा होता, एकटेपणाची भीती होती. साँडर्सबाईंनी त्याला नाव दिले : समग्र वेदना. शरीर, मन, घरदार आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ हा प्रश्न, ही चारही दुखणी एकाच वेळी दुखतात. माईआत्या शेवटच्या आठवड्यात मला म्हणाली होती, ‘तुम्हांला फार खर्चात पाडले रे.’ तो दुखण्याचाच भाग होता, हे मला हा लेख वाचेपर्यंत कळले नव्हते.

आता कोणी म्हणेल, एका भल्या बाईने कळकळीने लिहिले. पण कळकळ म्हणजे शास्त्र नव्हे. आक्षेप रास्त आहे आणि मासिकांचे खरे काम इथेच सुरू होते. १९६३ साली जॉन हिंटन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने एका त्रैमासिकात १०२ मरणासन्न रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. शेजारीच, मरणार नाहीत अशा तितक्याच रोग्यांशी तुलना. मरणाऱ्यांच्या वाट्याला किती शारीरिक त्रास आणि किती खिन्नता येते, हे त्यात आकड्यांनी मांडले होते. मरणाऱ्याजवळ बसून त्याला विचारायचे आणि ते मोजायचे, ही कल्पनाच तेव्हा अनेकांना अघोरी वाटली असेल. साँडर्सबाईही हजाराहून अधिक रोग्यांच्या नोंदी ठेवीत होत्या. १९६७च्या जुलैत लंडनच्या सिडनहॅम भागात त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले, ५४ खाटांचे, तेव्हा त्यात शुश्रूषेच्या बरोबरीने संशोधनालाही जागा होती.

ह्या संशोधनाची एक कथा मला फार आवडते. इंग्लंडात वेदनेवर ‘ब्रॉम्प्टन मिश्रण’ नावाचा एक काढा प्रसिद्ध होता. त्यात मॉर्फिन किंवा हेरॉइन, जोडीला कोकेन, वर जिन किंवा ब्रँडी, गोडीला मध आणि क्लोरोफॉर्मचे पाणी! एवढा थाट असल्यावर गुण येणारच, असा सर्वांचा समज. त्यात हेरॉइन घातलेले मिश्रण अधिक गुणकारी अशीही श्रद्धा. पण हेरॉइन औषध म्हणून वापरण्याची मुभा इंग्लंडबाहेर बहुतेक देशांत नाही. मग तेच श्रेष्ठ असेल तर बाकीच्या जगाने काय करायचे?

१९७१ साली सेंट ख्रिस्तोफर्समध्ये आलेल्या रॉबर्ट ट्वायक्रॉस ह्या तरुण डॉक्टरने हा प्रश्न कसोटीला लावला. कोणाला मॉर्फिन आणि कोणाला हेरॉइन हे ना रोग्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. ६९९ रोगी घेतले; त्यांतल्या १४६ जणांचे औषध दोन आठवड्यांनी गुपचूप बदलले. १९७७ साली ‘पेन’, म्हणजे ‘वेदना’च, ह्या नावाच्या मासिकात निकाल आला. दोन्हींच्या ताकदीचे प्रमाण जुळवून घेतले तर तोंडाने देताना त्यांत ध्यानात येण्यासारखा फरक नाही. साधे मॉर्फिन पुरते! दोनच वर्षांनी कॅनडातल्या वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात मॉन्ट्रिअलच्या डॉक्टरांनी लिहिले की कोकेन, दारू वगैरे सगळा सरंजाम काढून नुसते मॉर्फिनचे पाणी दिले तरी रोग्याला तेवढाच आराम पडतो.

हे वाचून हसू येते, पण त्याचा अर्थ केवढा मोठा आहे पाहा. ज्या औषधाला लंडनची खास परवानगी आणि ब्रँडीची बाटली लागत होती, ते आता कुठल्याही गावच्या दवाखान्यात, कमी पैशांत, नुसत्या पाण्यात मिसळून देता येईल असे सिद्ध झाले. ह्याच पायावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कॅन्सरच्या वेदनेवर एक लहानसे पुस्तक काढले. सूत्रे अगदी सोपी : औषध शक्यतो तोंडाने द्या, घड्याळाप्रमाणे द्या आणि साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने चढा.

‘पॅलिएटिव्ह’ हा शब्द ह्या कामाला चिकटला तो मॉन्ट्रिअलमध्येच. बाल्फर माउंट ह्या शल्यविशारदाने १९७५ साली तिथल्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात असा विभाग काढला. ‘हॉस्पिस’ म्हटले की फ्रेंच बोलणाऱ्यांना अनाथपंगूंचे आश्रयस्थान आठवे, म्हणून त्याने दुसरा शब्द शोधला. त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘पॅलियम’ ह्या शब्दात, म्हणजे अंगावरचे पांघरूण. थंडी घालवता येत नाही, पण शाल तर पांघरता येते! पुढे ह्या विषयाला वाहिलेली स्वतंत्र मासिकेच निघू लागली.

इथवर गोष्ट गोड आहे. पण पुतणीने गठ्ठ्यात सर्वांत खाली एक इवलासा कागद ठेवला होता आणि तो वाचल्याशिवाय गठ्ठा परत करायचा नाही अशी ताकीद दिली होती. ते एक पत्र होते. १९८० सालच्या जानेवारीत अमेरिकेच्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेले, अवघ्या पाच वाक्यांचे. बोस्टनच्या दोघांनी लिहिले होते की आम्ही रुग्णालयातल्या नोंदी चाळल्या. अफूच्या वर्गातले औषध मिळालेल्या ११,८८२ रोग्यांत, आधी व्यसन नसताना ते लागल्याची नीट नोंद फक्त चौघांची सापडली.

पत्र खोटे नव्हते. पण ते कोणाबद्दल होते? रुग्णालयात नर्सच्या नजरेखाली औषध घेतलेल्या माणसांबद्दल. पुढे लोकांनी ते वाटेल तिथे वापरले. पाठदुखीसाठी महिनोन्‌महिने घरी गोळ्या खाणाऱ्यालाही धोका नाही, असे सांगायला त्याचा आधार घेतला गेला. औषधे विकणाऱ्यांनी ते उचलले, डॉक्टरांनी मूळ पत्र न वाचता दुसऱ्याच्या लेखावरून नकलून घेतले. अमेरिकेत ह्या गोळ्यांच्या आणि पुढे त्याच जातीच्या चोरट्या मालाच्या पायी लाखो माणसे मेली. २०१७ साली कॅनडाच्या संशोधकांनी मोजदाद केली तेव्हा ६०८ लेखांत त्या पाच वाक्यांचा हवाला सापडला आणि त्यांतल्या पाचांपैकी चार लेखांनी ते रोगी रुग्णालयातले होते हा मुद्दाच गाळलेला होता. ही मोजदाद छापली कोणी? त्याच नियतकालिकाने. शिवाय जुन्या पत्रावर सावधगिरीची टीपही लावली. सदतीस वर्षे उशीर झाला हे खरेच. तरी आपल्याच पानावरच्या मजकुराबद्दल असे जाहीर सांगणे किती जणांना जमते?

मला ह्यात आमच्या गल्लीतले डॉक्टर आठवले. तिकडे व्यसनाचे भय मुळीच नाही म्हणून माणसे मेली. इकडे त्या भयाने माईआत्या घड्याळाकडे बघत बसली. ऐकीव ज्ञान दोन्हीकडे होते, मूळ कागद कोणीच वाचला नव्हता.

आपल्या देशाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते; नीमच आणि गाझीपूर इथे सरकारचे अफूचे कारखाने आहेत; तिथला माल परदेशी जातो आणि तिकडच्या रोग्यांसाठी त्याचे मॉर्फिन होते. पण १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. परवान्यावर परवाने, शिक्षा जबर. औषधविक्रेत्यांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९९७ सालापर्यंत देशातला मॉर्फिनचा वापर ९७ टक्क्यांनी घसरून वर्षाला जेमतेम १८ किलोंवर आला. एवढ्या मोठ्या देशाला अठरा किलो! लग्नाच्या पंगतीला ह्याहून जास्त साखर लागते. माईआत्याचे दुखणे नेमके ह्याच काळातले.

केरळात कोझिकोडला १९९३ साली भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनेवर उपचार करणारी संस्था काढली. रोग्यांना मॉर्फिन घरी न्यायला द्यायचे, असा त्यांचा परिपाठ. लोक म्हणाले, हे बाजारात जाईल, नातलगच विकतील. ह्याला उत्तर काय द्यायचे? त्यांनी नोंदी काढल्या आणि २००१ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापल्या. दोन वर्षांत १,७२३ रोग्यांना तोंडाने घ्यायचे मॉर्फिन दिले. गैरवापराचा वा चोरवाटेने जाण्याचा एकही प्रकार आढळला नाही. दिल्लीच्या कचेरीत भावनेने काही हलत नाही; पण ‘लॅन्सेट’चे चार-पाच पाने टाचून जोडली की फायलीला वजन येते. तरीही कायदा बदलायला २०१४ साल उजाडले. त्या दुरुस्तीने निरनिराळ्या खात्यांच्या परवान्यांचा गुंता कमी झाला आणि मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे केले.

सोपे झाले म्हणून सगळीकडे पोचले असे मात्र समजू नका. २०१७ साली ‘लॅन्सेट’नेच नेमलेल्या एका आयोगाचा अहवाल आला, ज्यात डॉ. राजगोपालही होते. जगात दरवर्षी सुमारे ६ कोटी १० लाख माणसांना अशा उपचारांची गरज पडते, असा त्यात हिशेब होता. जगभर वाटल्या जाणाऱ्या जवळजवळ ३०० टन अफूजन्य औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला आले फक्त ०.१ टन, आणि भारतात भागत होती गरजेच्या ४ टक्के.

दरम्यान आणखी एक समज मोडीत निघाला. हे उपचार म्हणजे हात टेकणे, रोगी लवकर जाणार, असे घरच्यांना वाटते. २०१० साली बोस्टनच्या डॉ. जेनिफर टेमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ रोग्यांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला तेच, पण पहिल्यापासून परिहार सेवेची जोड. दुसऱ्या गटाची मनःस्थिती बरी राहिली, शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर निरर्थक उपचारांचा मारा कमी झाला. आणि आयुष्याचा मध्य काढला तर पहिला गट ८.९ महिने, दुसरा ११.६ महिने जगला. म्हणजे कमी झगडणारेच थोडे जास्त जगले. कॅन्सरतज्ज्ञ ह्या लेखानंतर आपणहून रोगी पाठवू लागले, असे पुतणी सांगते. मरणाऱ्याजवळ माणुसकीने वागा, हे सांगून ज्यांना पटले नव्हते त्यांना पावणेतीन महिन्यांचा आकडा पटला! असो. पटले हे महत्त्वाचे.

सगळ्यांत बोचरी गोष्ट शेवटी सांगतो. वांद्र्याला शांती अवेदना आश्रम १९८६ सालीच सुरू झाला होता. टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनी काढलेले ते भारतातले पहिले हॉस्पिस. आज गोव्यातही त्यांची शाखा आहे. म्हणजे माईआत्या घड्याळाकडे बघत होती तेव्हा दादरपासून तिसऱ्या स्टेशनावर तिच्यासाठी जागा होती. आम्हांला कोणी सांगितले नाही, आम्ही विचारले नाही. पुण्याला वारज्याला सिप्लाचे केंद्र १९९७ साली निघाले, तिथे रोग्याकडून पैसे घेत नाहीत. परळच्या टाटा रुग्णालयात ह्या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. ज्यांच्या घरी असे दुखणे आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘वेदनेचे काय?’ मात्र ह्या गोळ्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याविना कोणी कोणाच्या डब्यातून उचलू नयेत, हेही त्या पाच वाक्यांच्या पत्रापायी सांगितलेच पाहिजे.

गेल्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या नानांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. आठवड्यातून दोनदा एक नर्सबाई मोटारीतून येई, तपासून जाई. स्वयंपाकघरात फळीवर मॉर्फिनच्या गोळ्यांचा डबा कुलपात आणि भिंतीवर नानांच्या सुनेने खडूने लिहिलेले वेळापत्रक : सहा, दहा, दोन, सहा, दहा. रात्री दहाची मात्रा दुप्पट, म्हणजे दोन वाजता उठवायला नको. शेजारी बद्धकोष्ठाचे औषध, कारण मॉर्फिनच्या पाठोपाठ ते हवेच.

धनत्रयोदशीला मी वर गेलो तेव्हा नाना खुर्चीत बसून पेपर वाचत होते. अंग पार खंगले होते, पण चष्मा नाकावर नीट. दोनाचा गजर झाला. सूनबाई पाण्याचा पेला घेऊन आली, त्यांनी पेपरावरची नजर न काढता गोळी घेतली.

‘किती वाजले हो नाना?’ मी मुद्दाम विचारले.

‘कोणास ठाऊक,’ नाना म्हणाले. ‘ते खाते हिच्याकडे आहे. तुम्ही ही चकली घ्या. हिची यंदा चांगली साधली आहे, आणि मला दातांनी दगा दिलाय.’